काही संबंध नाही

मशीनच्या मते मी आणि माझे बाबा एकच माणूस आहोत. त्या मशीनला आईनंच पढवून ठेवलं असावं असा मला दाट संशय आहे, कारण ती हे माझ्या लहानपणापासून म्हणत आली आहे. फरक एवढाच, की आई म्हणते तेव्हा माझी नोकरी अडत नाही.

सांगते. खनिज तेलाचे भाव कसे हलतात हे मोजण्यात बाबांनी हयात घालवली. ते निवृत्त झाले, आणि त्याच संस्थेत, त्यांच्या जुन्या खोलीच्या वरच्या मजल्यावर बसून मी तेच मोजते. समुद्रातून निघून जहाजानं जाणारं एक तेल आणि जमिनीतून निघून पाइपातून जाणारं दुसरं. यांचे भाव एकत्र का चढतात, एकत्र का पडतात, एकाला दुसरं ओढतं की दोघांना तिसरंच कुणी ओढतं, हा माझा धंदा. आडनाव आमचं एक. नावाचं पहिलं अक्षरही एक, आणि लेखावर तेवढंच छापायची पद्धत आहे. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, स्वतंत्र बाणा म्हणून. तो बाणा असा अंगाशी येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

जगभरच्या संशोधकांनी कोणकोणते लेख लिहिले याची एक मोठी सूची असते. ती ठेवणाऱ्या मंडळींनी यंदा नवं मशीन आणलं. ते लेखकांमधलं साम्य मोजतं. नाव, पत्ता, विषय, शब्द, वाक्यांची ढब, सगळं बघतं. साम्य ठरावीक आकड्याच्या वर गेलं की दोन लेखकांचा एक करून टाकतं. आमचं साम्य निघालं शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. एका सकाळी मी सूचीत स्वतःला शोधायला गेले तर मी नव्हतेच. माझे सगळे लेख बाबांच्या नावावर सुखानं नांदत होते. निवृत्तीनंतर एक ओळ न लिहिलेला माणूस अचानक धडाधड कामाला लागला होता.

एरवी मी चार शिव्या हासडून गप्प बसले असते. पण माझ्या कायम जागेसाठी निवड समिती बसायची होती. इतकी वर्षं मी करारावर, दर वर्षी मुदतवाढ मागत काढली होती. आता वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही वेळ हुकली की विषय संपला. आणि समिती लेख वाचत नाही, सूची वाचते. विभागप्रमुखांनी हात वर केले.

"तुझं काम मला माहीत आहे गं," ते म्हणाले, "पण सूचीत तू नाहीस तर मी समितीला दाखवू काय? सरांना विचार ना. ते करतील काहीतरी."

सरांना विचार. हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. या इमारतीत मला नाव नाही, मी 'सरांची मुलगी' आहे. लेख चांगला झाला की 'सरांनी नजर टाकली असेल', आणि फसला की 'सरांची मुलगी असून?' सरांनी माझ्या एकाही लेखाबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नव्हता. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

मग मी सूचीच्या दुरुस्ती विभागात फोन लावला. तिथे एक मऊ आवाजाचे गृहस्थ होते. मी त्यांना सगळं रामायण ऐकवलं, वडील-मुलीसकट.

"मॅडम, मशीनपुढे आमचं काही चालत नाही," ते म्हणाले. "पण माणसानं सांगितलं तर ऐकावं लागतं. दोघांनी फोनवर यायचं. आधी सर, मग तुम्ही. मी एकच विचारणार, दुसऱ्याशी तुमचा संबंध आहे का. दोघंही नाही म्हणालात की मी वेगळं करतो."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

संध्याकाळी आई-बाबांकडे गेले तर बाबा खुशीत. कुणा तरुण संशोधकानं त्यांना पत्र पाठवून त्यांच्या ताज्या लेखाबद्दल अभिनंदन केलं होतं.

"काय उत्तर दिलंत?" मी विचारलं.

"धन्यवाद म्हटलं."

"बाबा, तो माझा लेख आहे!"

"अगं, इतकं मनापासून लिहितोय तो, त्याचा विरस कशाला करायचा? शिवाय लेख फार चांगला आहे असं म्हणतोय. तुला आनंद नको व्हायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून मी त्यांना दुरुस्तीचं समजावलं. सकाळी फोन लावते, तुम्ही फक्त नाही म्हणा.

"नाही कसं म्हणू?" बाबा म्हणाले. "तपासलंय कुणी?"

"म्हणजे?"

"संबंध नाही, हे विधान झालं. त्याला पुरावा लागतो. एक्क्याण्णव म्हणजे थोडंथोडकं नव्हे. मशीन बरोबरही असेल."

"कशात बरोबर असेल? मी म्हणजे तुम्हीच, यात?"

"तसं नव्हे. पण किती अंशी, ते पाहायला नको?"

या माणसाला आई जेवताना विचारते, आज बरं झालंय का, तर हा विचारतो, कशाच्या तुलनेत? आईनं यांच्याशी संसार कसा केला ते तीच जाणे.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. एका बाजूला त्यांचे लेख, दुसऱ्या बाजूला माझे, मध्ये रंगीत पेन्सिली आणि संगणक. माझा रोज सकाळी फोन, आणि त्यांचं रोज एकच उत्तर, अजून झालं नाही. आई ताट मांडीवर घेऊन जेवत होती आणि मलाच बोलत होती.

"तुमच्या संबंधापायी मला पाण्याचा तांब्या ठेवायला जागा नाही. दोघं एकमेकांसारखी हट्टी. मशीनचं काय चुकलं?"

"आई, तू तरी त्यांना सांग."

"मी सांगून ऐकणारी माणसं या घरात कधी जन्माला आली का?"

एकदा त्यांनी मला भर बैठकीत फोन केला. "'इथे मात्र जपून पाऊल टाकावे लागते', हे वाक्य तुझ्या लेखांत सारखं येतंय. हे माझं वाक्य आहे."

"मग तेही घ्या!" मी दारात जाऊन ओरडले. "लेख घेतलेत, नाव घेतलंत, एक वाक्य कशाला मागे ठेवता?"

परत येऊन बसले तर सगळे कागदात माना घालून बसलेले. सरांच्या मुलीचं सरांशी वाजलंय ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळमजल्यावर पोचली.

समिती दोन दिवसांवर आली तेव्हा माझा बांध फुटला. मी टेबलाशी उभी राहून बोलले ते बोललेच. "तुम्हाला सोडायचंच नाहीये. म्हातारपणी आयतं नाव झालंय, ते हातचं जाऊ द्यायला जीव होत नाहीये तुमचा."

"अगं!" आई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "उद्या सकाळी ये," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कागदात शिरले.

सकाळी गेले तर दाढी न केलेले बाबा दारातच उभे. चेहऱ्यावर अगदी लहान मुलासारखा आनंद. "सापडलं! तुझीच रीत वापरली."

"माझी कसली रीत?"

"तो तेलाच्या टाक्यांवरचा लेख नाही का तुझा? दोन तेलं बरोबर हलतात, कारण दोघांना बाजार ओढतो. ती ओढ काढून टाकायची आणि मग त्यांच्यात आपसात काय उरतं ते बघायचं. मी तेच केलं. आपण दोघंही तेलावर लिहितो. तेल पडलं की दोघंही पडण्याबद्दलच लिहिणार, तेच शब्द वापरणार. ते साम्य तुझं-माझं नव्हेच, तेलाचं आहे. तेल काढून टाकलं. आता उरलेलं बघ."

उरलं होतं जवळजवळ शून्य.

"आणि ते जपून पाऊल?"

"ते एकटं बिचारं काय करणार!"

माझं लक्ष आकड्याकडे नव्हतं. "तुम्ही टाक्यांचा लेख वाचलात?"

"सगळेच वाचलेत. आले तेव्हाच."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तू बदललं असतंस," बाबा म्हणाले. "बदलण्यासारखं नव्हतं काही."

इतकी वर्षं हे ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि ते ऐकायला मिळालं कधी, तर ऑफिसला उशीर होत असताना, पायात चपला असताना. यावर हसायचं, रडायचं की डोकं आपटायचं ते मला कळेना. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"सर," दुरुस्तीवाले गृहस्थ म्हणाले, "या लेखिकेशी तुमचा काही संबंध?"

"नाही," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "काही संबंध नाही. मी स्वतः तपासून पाहिलंय."

"बरं, सर," गृहस्थ हळूच म्हणाले. "घरगुती गोष्टीत मी पडत नाही. मॅडमना द्या." बाबांचं लक्षच नव्हतं, ते माझ्यासाठी खुर्ची मोकळी करत होते.

"मॅडम, तुमचा सरांशी काही संबंध?"

हे वाक्य मी त्या इमारतीच्या जिन्यात मनातल्या मनात कितीदा ओरडले असेन. जो सरांचं नाव काढेल त्याच्या तोंडावर फेकायला ते माझ्याकडे कायम तयार असायचं. आता ते नुसतं म्हणायचं होतं तर जीभ उचलेना. समोर बाबा पेन्सिल हलवून मला खुणा करत होते, म्हण ना, म्हण. समिती दुसऱ्या दिवशी होती.

"नाही," मी म्हणाले. "माझा त्यांच्याशी काही संबंध नाही."

बाबांची पेन्सिल थांबली. हेच शब्द त्यांनी स्वतः नुकतेच उच्चारले होते, पण ते गणिताचं उत्तर म्हणून. माझ्या तोंडून त्यांनी ते चारचौघं ऐकतील तसे ऐकले. हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"झालं, मॅडम," फोनमधून आवाज आला. "वेगळं केलं. पान उघडून बघा. आणि मनाला लावून घेऊ नका. माझंही थोरल्या भावाशी बोलणं नाही. दिवस निघून जातात." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पान उघडलं. मी होते. माझे सगळे लेख माझ्याखाली ओळीनं लागले होते. खरं तर मी नाचायला हवं होतं.

"मीपण असंच म्हणालो?" बाबांनी विचारलं.

"शब्दाला शब्द."

"पण मी तेल काढून टाकल्यावर जे उरतं त्याबद्दल..."

"मला कळलं, बाबा. त्यांना नाही कळलं."

पुन्हा नंबर लावायला त्यांनी फोन पुढे ओढला. मी झडप घालून त्यावर हात ठेवला. "खबरदार! आत्ता कुठे सुटलंय. तुम्ही काहीतरी बोलाल आणि तो माणूस परत जोडून टाकेल. उद्या समिती आहे माझी!"

बाबांनी फोन मागितला नाही, ते नुसते माझ्या हाताकडे बघत बसले. वाद घातला असता तर मी जिंकले असते. मी मनात त्यांना नाही नाही ते बोलले आणि हात काढून घेतला.

"मघाशी बोललो तो मी," बाबा फोनवर म्हणाले. "ती मुलगी आहे माझी."

"म्हणजे संबंध आहे?" गृहस्थ गोंधळले. "मग परत जोडू का, सर?"

मी पुन्हा फोनकडे हात नेला.

"नाही, नाही! जोडू नका. लेख तिचे आहेत, तिच्याच नावावर राहू देत. फक्त ती माझी मुलगी आहे, एवढं कुठेतरी लिहून ठेवा."

"सर, तसा रकाना नाही हो आमच्याकडे."

बाबांनी टेबलभर पसरलेल्या कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग लिहू नका," ते म्हणाले. "पण तुम्ही तरी लक्षात ठेवा."

"ठेवतो, सर," गृहस्थ म्हणाले, आणि तरी फोन बंद करेनात. बाबांनाही करवेना. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला होता, आणि मी तोंड फिरवून रडत होते.