पारावरची हद्द

झमकू मेली हे मला सकाळी दात घासताना कळले. सांगायला पलीकडच्या चौकीचे कारकून उमाशंकर आले होते. एरवी ते माझी थट्टा केल्याशिवाय बोलत नसत, त्या दिवशी केली नाही.

"यशवंतराव भिया, पार पे वो छोरी मरी पडी है. माथा तुम्हारी तरफ है."

मी चूळ भरली आणि विचारले, "और पाँव?"

असा मी हुशार माणूस.

आमचे देवास एक, राज्ये दोन; त्यांना आम्ही पाती म्हणतो. मोठ्या रस्त्याच्या मधून दोन पात्यांची हद्द जाते. इकडे आमची चौकी, मी तिथला कारकून; पलीकडे त्यांची. मधल्या पिंपळाचा पार अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. संवत छप्पनच्या दुष्काळात सरदारपुराकडून माणसे आली. बरीचशी मेली, काही मुले उरली. झमकू त्यांतलीच, नऊ-दहा वर्षांची. आणखी दोघा लहानग्यांना घेऊन ती त्या पारावर निजे. दुपारी आमच्या परसदारी येई. माझी बायको कुसुमावती तिला भाकरी देई आणि मी हात धुवायला लावी. स्वच्छतेबद्दल मी फार दक्ष.

मरायच्या आठ दिवस आधी ती चौकीवर आली होती. दंड काळानिळा झाला होता. समोरच्या कापसाच्या वखारीचा पहारेकरी रोज लाठीने मारतो, धाकट्याचा दात पाडला, आता जिवे मारीन म्हणतो, असे तिने सांगितले. फौजदार बाहेर गेले होते. मी एकटा होतो आणि मला कायदा येतो असे मला वाटत होते.

"निजतेस कुठे?" मी विचारले.

तिने पार दाखवला. मी दोरी घेऊन पारावर गेलो, तिला निजायला लावले आणि मापले. डोके दोन हात पलीकडे भरले.

"डोके जिथे, फिर्याद तिथे," मी सांगितले. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी उभ्या-उभ्या केला होता.

ती तशीच पडून विचार करत होती. मग म्हणाली, "तो माथो इनी आडी कर लूं, बाबूसाब?"

म्हणजे डोके इकडे करून निजू का? मला हसू आले. "कर की," म्हणालो. ती पलीकडच्या चौकीवरही गेली. तिथून तिला परत माझ्याकडे धाडले, पण ती पुन्हा आली नाही. माझा कायदा तिला पटला असावा. मी तो घरी सांगितला आणि उमाशंकरांनाही. ते पोट धरून हसले होते.

म्हणून त्या सकाळी ते हसले नाहीत. पारावर जाऊन पाहिले तर झमकूचे डोके पुरते दोन हात आमच्या पातीत होते. कवटी फुटली होती. दोघे लहानगे झाडाला चिकटून उभे होते. पहारेकरी वखारीच्या दारात बसून दाणे खात होता.

"कायदा तुम्हारा ही है, भिया," उमाशंकर हळूच म्हणाले.

आमचे फौजदार आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वखारवाले शेठ दरबारात बसतात. नीट लिहा काहीतरी."

मी नीट लिहिले. 'प्रेत ओढून आणलेले दिसते. मूळ जागा पलीकडील हद्दीत.' लहानग्यांना कोणी काही विचारले नाही. दोन दिवसांनी ते बागलीकडे जाणाऱ्या गाडीमागे चालत गेले म्हणतात. फौजदारांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. मी ती घरी येऊन सांगितली, इतका मी शहाणा.

कुसुमावती धारची, फारशी न बोलणारी. तिने ताट वाढले आणि विचारले, "अहो, आपला ओटा कुणाच्या पातीत येतो?"

"आपल्याच. सगळा."

"मग तिला तिथं का नाही निजवलीत?"

मी पार मोजला होता, दोरी परत गुंडाळून खुंटीला लावली होती. ओटा मला सुचला नव्हता.

"तुम्हांलाही सुचला नाही," मी म्हणालो. भांडायला मी तयार होतो.

"नाही सुचला," ती म्हणाली. भांडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तो कागद बदला. तिनं कुणाचं नाव सांगितलं होतं ते लिहा."

"उद्या लिहितो."

त्या दिवसापासून ती रोज विचारी, "लिहिलंत का?" मी रोज म्हणे, उद्या. चार महिन्यांनी गावात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला आणि त्याने तिलाही धरले. तिसऱ्या दिवशी तिला माणसे ओळखू येईनात, पण हे मात्र विचारले. मी म्हणालो, "लिहिलं." बत्तीस वर्षांत तिच्याशी एवढे एकच खोटे बोललो असे मी लोकांना सांगतो. तेही खरे नाही.

आता घरात विचारणारे कोणी नाही. ओट्यावर मी एकटाच बसतो, पुष्कळ जागा आहे. पहारेकरी येता-जाता रामराम करतो आणि मीही करतो.

तो कागद चौकीच्या पेटीत आहे आणि पेटीची किल्ली माझ्याच कमरेला आहे. त्यात पहारेकऱ्याचे नाव लिहायचे अजून राहिले आहे.