बोटांखाली न आलेली बातमी

घरात काहीतरी चाललं होतं आणि ताईला ते कुणी सांगत नव्हतं. काही जड ओढलं की तळपायाखालची फरशी थरथरायची. काल ती भिंत चाचपत बाहेरच्या खोलीत गेली, तर टेबलाच्या जागी हात हवेतच राहिला.

आजारात ताईची नजर गेली, मग कानही गेले. बोलता मात्र येत होतं. धाकट्या भावाने हौसेने ब्रेलचं यंत्र आणलं होतं. त्याने मोबाइलवर लिहिलं की यंत्रावर ठिपके उठायचे, ताई ते बोटांनी वाचायची.

"छोट्या, काय चाललंय रे?"

ठिपके उठले, "काही नाही. जेवून घे."

रोज एवढंच. ऊठ. जेव. गोळी घे. डब्यात कोंडल्यासारखा तिचा जीव गुदमरायचा. झाकणाला भोकं पाडली होती, एवढंच!

दुपारी ब्रेल शिकवणाऱ्या बाई आल्या. ताईने त्यांचा हात घट्ट धरला. "बाई, हे मला कुठे नेऊन टाकणार आहेत का? खरं सांगा."

बाईंनी तिची बोटं यंत्रावर ठेवली. मग ठिपके सरसर उठले.

"मी बाई. तुमच्या भावाचा मोबाइल घेतलाय, तो समोरच आहे. आता आम्ही जे बोलू ते इथेच लिहू, नाव सांगून."

"छोट्या लिहितोय. आपण घर बदलतोय, ताई. तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही."

"बाई. त्रास कुणाला नको होता? यांना की तुम्हाला?"

"छोट्या. मलाच. ही हजार प्रश्न विचारणार, एवढं टाइप कोण करणार?"

"बाई. मग यंत्र कशाला आणलंत? हुकूम सोडायला?"

ताईला रडू फुटलं. "अरे गाढवा, मी या भिंतींच्या आधाराने चालते! तिथे दार कुठे, पायरी कुठे, मला कसं कळणार? एकदा हात लावायला तरी न्यायचंस!"

ठिपके मग हळूहळू उठले, "चुकलो, ताई. संध्याकाळी चल. खोली तू निवड."

"रस्त्याकडची. गाड्या गेल्या की फरशी हलते, तेवढीच सोबत."

"ती तुझ्या भावजयीने आधीच धरलीय."

"मग दे तिच्याकडे मोबाइल. आम्ही भांडतो!"

वाचकहो, यंत्र दुकानात मिळतं, पण त्यावर बोलायला घरचं माणूसच लागतं. आपल्या घरी असं कुणी असेल, तर त्याला नुसतं जेवायला बोलावू नका. त्याच्या आयुष्याची बातमी सगळ्यांत आधी त्याला द्या, त्याला रडू येणार असलं तरीही!