तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली नोंद

नगरपालिकेच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. एक बंद असते, दुसरी बंद पडते. दोन्हींचा मेकॅनिक मी. लिफ्ट अडकली की आतला फोन थेट तळघरात माझ्या टेबलावर लागतो. अडकलेला माणूस काय बोलतो ते दर दोन मिनिटांनी नोंदवहीत जसंच्या तसं उतरवायचं, असा नियम आहे. त्यावरून तो शुद्धीवर आहे की घाबरून बरळतोय ते कळतं. बटण सोडलं की फोन बंद झाला असं लोकांना वाटतं. तो दार उघडेपर्यंत चालूच असतो.

त्या मंगळवारी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये दोघेच अडकले: छत्री पक्षाचे नगराध्यक्ष आणि कुलूप पक्षाचे विरोधी नेते. पाण्याच्या पाइपांचा घोटाळा तेव्हा शहरभर गाजत होता. नवे पाइप सहा महिन्यांत फुटले होते आणि विरोधी नेते महिनाभर घसा फोडून राजीनामा मागत होते. आता आत हाणामारी होणार आणि तीही मलाच लिहावी लागणार, म्हणून मी वैतागून पेन उघडलं.

हाणामारी झाली नाही. माझ्या नोंदी अशा आहेत.

‘११.०४. नगराध्यक्ष : जरा सरक, तुझं पोट लागतंय. (दोघे हसले.)’

‘११.०६. विरोधी नेते : पाइप माझ्या मेहुण्याचे आहेत, हे बाहेर नाही ना येणार? नगराध्यक्ष : मी कशाला सांगू? कंत्राटाखाली सही माझी आहे.’

‘११.०८. विरोधी नेते : तू राजीनामा तेवढा देऊ नकोस. दिलास तर निवडणुकीपर्यंत मी ओरडू कशावर? सोमवारपासून एकाला बेमुदत उपोषणाला बसवतोय. फार भाबडा आहे.’

‘११.१०. दोघेही शुद्धीवर.’

तो भाबडा म्हणजे माझा थोरला भाऊ; सोमवारी उपोषणाला बसणार हे तो आधीच घरी सांगून मोकळा झाला होता. पंचवीस वर्षं कुलूप पक्षाचे झेंडे लावतोय. त्याला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं, आणि एक जेवण चुकलं तरी हातपाय थरथरतात. हे विरोधी नेत्यांना माहीत होतं. पक्षाच्या शिबिरात तो त्यांच्यासमोरच चक्कर येऊन पडला होता.

संध्याकाळी मी वही घेऊन दादाकडे गेलो. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि वही मिटली.

“छत्रीवाल्यांनी किती दिले?”

“दादा, अरे हे माझं अक्षर आहे.”

“म्हणूनच विचारतोय.”

मग मी ती पानं वर्तमानपत्राला दिली. पानं छापून आली. मी कुलूपवाल्यांचा माणूस आहे असं छत्रीवाले म्हणाले आणि छत्रीवाल्यांचा आहे असं कुलूपवाले म्हणाले. माझी चौकशी करावी, हा ठराव सभागृहात एकमताने मंजूर झाला. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेला हा पहिलाच विषय. कोपऱ्यावरचा चहावाला तर कौतुकाने म्हणाला, “दोघांकडूनही घेतले असशील. हुशार आहेस.”

सोमवारी दादा इमारतीसमोर सतरंजीवर बसला. विरोधी नेते रोज दहा मिनिटं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि फोटो निघाला की जात. बुधवारी दादाचे ओठ फुटले, डोळे आत गेले. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, उद्यापर्यंत थांबलात तर मी जबाबदार नाही.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला रडू येत होतं आणि त्याच्या दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटत होत्या.

“दादा, मी पैसे घेतले.”

तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “छत्रीवाल्यांकडून?”

“हो.”

“म्हणजे वही खोटी?”

“अक्षर न् अक्षर. तू उपोषणाला बसू नयेस म्हणून लिहून घेतली. तुला टरकलेत ते. नगराध्यक्षांचा राजीनामा टाइप होऊन पडलाय. तू उठलास की देणार. उपोषणापुढे वाकलो असं दिसायला नको ना त्यांना.”

“शपथेवर सांगतोस?”

“शपथेवर.”

“मला वाटलंच होतं,” दादा म्हणाला आणि त्याने वहिनीकडे दूध मागितलं. ते पिण्याआधी माइक घेऊन, आपला सख्खा भाऊ कसा विकला गेला, हे त्याने सर्वांना सांगितलं. टाळ्या पडल्या. कोणालाही शंका आली नाही.

राजीनामा अर्थातच आला नाही. मीच फितुरी करून तो थांबवला असणार, असं दादाने पक्षाला पटवून दिलं. मला निलंबित केलं. त्यावरही एकमत झालं.

उपोषण सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

“भावोजी, हे जेवले. साखरही ठीक आहे. पण तुम्ही या घरात पाऊल टाकायचं नाही, असा निरोप द्यायला सांगितलाय.”

“पोटभर जेवला का?”

“दोनदा वाढून घेतलं. आणि तुम्ही दमडीही घेतली नाहीत, हे मला माहीत आहे.”

इतक्या दिवसांत हे म्हणणारी ती पहिलीच. “वहिनी, एवढं त्याला...”

“नाही भावोजी. आणि तुम्हीही कधी सांगू नका. पुन्हा उपोषणाला बसतील ते.”

“नाही सांगत,” मी म्हणालो.