बारोंची धूळ

"मादमाझेल लेओन्तीन, जेवण राहू द्या. आधी इथे बघा," मस्यू बारो म्हणाले आणि मला जवळजवळ ओढतच खिडकीपाशी घेऊन गेले. सव्वीस वर्षांत या माणसाने दुपारचं सूप कधी चुकवलं नव्हतं.

सकाळीच अल्जिअर्सहून तार आली होती. तिथे एक नवा लघुग्रह दिसला आणि ढगांत हरवला. त्याचा एखादा जुना वेध मिळाला तरच कक्षा ठरणार, नाहीतर गेला तो कायमचा. तेव्हापासून बारो आमच्या वेधशाळेतल्या, आकाशाचे फोटो घेतलेल्या काचेच्या जुन्या प्लेट्स उपसत होते. हातातली प्लेट पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच घेतलेली. मी भिंग लावलं. ताऱ्यांच्या ठिपक्यांत एक बारीक रेघ होती, सरकणारा ग्रह उमटवतो तशी, आणि तारेवरून अंदाज बांधला होता त्याच जागी.

रेघेशेजारी शाईने लिहिलं होतं, 'धूळ'. अक्षर बारोंचं.

"म्हणजे पंधरा वर्षं ग्रह आपल्याच कपाटात," मी म्हणाले, "आणि तुम्ही त्याला केर ठरवलंत?"

"ठरवलं खरं." त्यांना हसू आवरत नव्हतं. "पण सापडला की नाही?"

संचालक दलमास गळ्यातल्या नॅपकिनसकट आले. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"शाबास. आता ती शाई पुसा. पुढच्या महिन्यात तुमच्या बढतीची बैठक आहे. आयुष्यभर सहायक म्हणून राबलात, आणि आता ही चूक बढती ठरवणाऱ्यांच्या हाती देणार?"

काचेवरची शाई ओल्या बोटाने गेली असती. खरं सांगते, मी बोट ओलं केलंही होतं.

"राहू द्या," बारो म्हणाले. "अशी 'धूळ' मी शेकडो ठिकाणी लिहिलीय. ही पुसली तर बाकीच्या कोण तपासणार? लिहून घ्या मादमाझेल. बारो यांनी धूळ म्हणून सोडलेली प्रत्येक खूण पुन्हा पाहावी."

"कमाल आहे तुमची," दलमास म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

बढती एका तरुणाला मिळाली. मला इतका राग आला की मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

पुढच्या वर्षी ग्रह मात्र गणिताने सांगितलेल्या जागी हजर झाला. त्या संध्याकाळी बारोंनी माळ्यापासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना दुर्बिणीशी उभं केलं. "दिसला? तोच तो," असं प्रत्येकाला सांगत होते. स्वतः सगळ्यांत शेवटी बसले, आणि घुमट बंद करायची वेळ झाली तरी उठले नाहीत.