माधवीचा पोपट

आप्पांच्या हातमागाचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून माधवी संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून खेळायला बसायची. फोनवर तिघांचा खेळ. एकानं चित्र काढायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखून टाइप करायचा, आणि कॉल चालूच असल्यामुळे एकमेकांना यथेच्छ चिडवायचं. ओमकार बेळगावात कॉलेजला होता, सौम्या इथं वडगावातच मागच्या गल्लीत; तिच्या घरीही माग होते. आणि माधवी म्हणजे रविवारी साखरपुडा असलेली, तरी रंगांची पेटी मागणारी पोरगी.

साखरपुड्याला तिनंच हो म्हटलं होतं. आप्पांशी, म्हणजे वडील मारुतीरावांशी, तिची बोलीच होती तशी. तिनं काढलेलं साडीच्या काठाचं डिझाइन साड्या विकत घेणाऱ्या शेठनं पसंत केलं, तर ती डिझाइनचं शिकणार. नापसंत केलं, तर चिकोडीच्या स्थळाला मुकाट्यानं होकार. शेठकडून परत आल्यावर आप्पा चप्पल काढता काढता म्हणाले होते, "न्हाय जमलं गं." माधवी पोटभर रडली आणि दिल्या शब्दाला जागली.

आज सौम्याची पाळी आली. तिनं हिरवा रंग घेतला आणि झरझर एक पाखरू काढलं. मान मागं वळवलेली, चोचीत मिरची, शेपटीला तीन पिसं, त्यातलं मधलं आखूड.

माधवी टाइप करायचं विसरली. ते आखूड पीस तिची चूक होती. चौकटीच्या कागदावर घरं मोजताना चुकलेली, मग आवडली म्हणून तशीच ठेवलेली. आप्पा आणि शेठ सोडून तो कागद कुणीही पाहिला नव्हता. शिवाय तिच्या पोपटाचं तोंड डावीकडे होतं, सौम्याच्या पोपटाचं उजवीकडे. मागावर साडी पालथी विणतात, वरून बघणाऱ्याला नक्षी अशी उलटीच दिसते. म्हणजे सौम्यानं हा पोपट कागदावर नाही, विणताना मागावर पाहिला होता.

"वेळ संपली!" ओमकार ओरडला. "एवढं सोपं वळखलं न्हाईस? माधवीचा पोपट झाला!" आणि तो खो खो हसत सुटला.

"सौम्या, हे तुमच्या मागावर हाय?"

पलीकडे सौम्यानं जीभ चावली असावी. "हातातनं निघून गेलं बघ. आप्पाकाकांनी सांगू नको म्हटलंतं. तुझाच शालू हाय गं, लग्नाचा."

"नापास झालेल्या डिझाइनचा?"

"नापास कुठलं? शेठ लई मागं लागलता. काकाच म्हणाले, देणार न्हाय, लेकीच्या शालूचं हाय."

माधवीनं फोन तसाच पिठाच्या डब्यावर ठेवला. ज्यांच्या शब्दावर तिनं कधी शंका घेतली नाही, ते आप्पा खोटं बोलले होते. दार ढकलून ती मागाजवळ गेली.

"आप्पा, शेठ काय म्हणालता? खरं सांगा."

मारुतीरावांनी माग थांबवला. लेकीचं तोंड बघून त्यांना सगळं कळलं.

"लई झाक हाय म्हणाला," ते हळूच म्हणाले. "असा पोपट जन्मात बघितला न्हाय म्हणाला."

हेच ऐकायला ती दिवसभर उंबऱ्यात बसली होती त्या दिवशी. आता ऐकलं, तर डोळे भरून आले आणि आप्पा दिसेनासे झाले.

"मग चिकोडीला फोन लावा," माधवी म्हणाली, "आणि माझा होकार परत मागा."