रिनागूच्या वाफ्यातला धोतरा

गारांचं आभाळ भरून आलं की आमच्या डोंगरावरच्या बायकांची भाजी खुडायची एकच धांदल उडते. पाल्याची चाळण होण्याआधी हाताला येईल ते ओरबाडून घरात न्यायचं. त्या दुपारी माझ्या सुनेनं, न्यानचामानं, तेच केलं. बरं केलं ते केलं, बियाण्याचा वाफाही सोडला नाही.

रिनागूचा, म्हणजे आमच्या रोजच्या पालेभाजीचा, तो वाफा मी फळांसाठी राखला होता. फळं टपोरी, काळी झाली की कुस्करून धुवायची आणि बी राखेत घोळवून ठेवायचं. तोवर तिथं खुरपं लावत नाहीत, धक्क्यानं पिकली फळं गळतात. त्यामुळे तण माजलं होतं. बायको बहिणीकडे गेलेली, मुलगा माकोरी चहाच्या कारखान्यात. फळं झाकायला मी टोपल्या घेऊन गेलो, तर वाफ्याची पार हजामत झालेली!

"काय म्हणावं या बाईला!" असं पुटपुटत खाली वाकलो. रिनागूच्या खुंटांत काही जाड खुंट वेगळे दिसले. एक चोळून नाकाशी नेला. उग्र, घाण वास. शेजारी एक काटेरी बोंड पडलेलं. धोतरा! त्याचा कोवळा पाला घाईत मुठीत आला तर कुणालाही रिनागूच वाटेल. एव्हाना भाजी उकडून, दूध घालून ताटात पडायची वेळ झाली होती.

टोपल्या फेकून माकोरीच्या घराकडे पळालो आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या.

आमच्यात बाप लग्न झालेल्या मुलाच्या उंबऱ्याआत पाऊल टाकत नाही. मेला तरी नाही. टाकलंच तर त्या घरच्या लेकराला भोवतं, असं माझा बाप सांगायचा. माकोरीच्या घराचे पत्रे मी माझ्या हातांनी ठोकले, पण चूल कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला आजवर ठाऊक नव्हतं.

दार बडवलं. न्यानचामानं अर्धवट उघडलं.

"अगंबाई, बाबा! किती भिजलात!"

"खाऊ नका! भाजीत धोतरा आहे!" मी बोंबललो. पण पत्र्यावर गारांचा असा मारा, की माझं मलाच ऐकू येईना. त्यात तोंडात दात नाहीत. तिनं कानाला हात लावला, मान डोलावली, आत गेली आणि उंबऱ्याबाहेर हात लांब करून वाडगा पुढे केला. रिनागूच! म्हातारा भुकेला आलाय असं वाटलं असणार तिला.

"गरम आहे, वळचणीला बसून खा!"

मी वाडगा उडवला. भाजी चिखलात पडली.

"बाबा, प्यायलात का हो?" ती घाबरून मागे सरली आणि तिनं धाडकन कडी लावली.

फळ्यांच्या फटीतून आत बघितलं. माझी नात गेसारे, तीन वर्षांची, जिला मी आमच्याकडच्या आजोबा-नातीच्या थट्टेच्या रीतीनं 'धाकटी बायको' म्हणून चिडवतो, ती चुलीपाशी बसून मक्याच्या उकडीचा घास भाजीत बुडवत होती. घास तोंडात गेला. दुसरा बुडवला.

आत गेलो तर लेकराला भोवणार, नाही गेलो तर लेकरू विष खाणार. अरे, बापजाद्यांनो, मग म्हाताऱ्यानं करायचं तरी काय? मी खांदा लावला. कडी तुटली आणि मी आत पडलो.

न्यानचामानं किंकाळी फोडली. "बाहेर व्हा! बाबा, पाया पडते, माझ्या पोरीला भोवेल!" ती हात पसरून आडवी आली. सुनेला हात लावणंही पापच, पण तिला ढकललं, पोरीला उचललं आणि तिच्या घशात बोटं घातली. हिरवी उलटी माझ्या छातीवर झाली.

"धोतरा!" मी सुनेच्या कानाशी ओरडलो. "धोतरा खुडलास तू!"

तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. तिनं अजून घास घेतला नव्हता, आधी लेकीला वाढलं होतं.

शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून दवाखाना गाठला. गेसारेचं अंग भाजत होतं, बुबुळं काळीभोर पसरलेली. हवेतलं काहीतरी वेचत होती, हसत होती, आईला गाय म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, थोडं तरी अंगात भिनलंय, वाट बघा.

गावातला थोरला, म्हातारा न्याकुंडी, बातमी ऐकून आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ओगेतो, तू आत शिरलास. आता पोरीचं बरंवाईट झालं तर धोतऱ्याला दोष कोण देणार?"

कारखान्यातून धावत आलेला माकोरी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं बापाकडून तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. वाचवायला गेलो आणि मीच मारली, असं सारखं मनात येत होतं. न्यानचामा पदराआड तोंड लपवून दूर बसली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गेसारेनं हवेत वेचणारे हात खाली टाकले. डोळे फिरवून एकेकाकडे पाहिलं. आईवर थांबली, बापावर थांबली, मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आजोबा," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "तुम्ही आमच्या घरात आलात! आई, यांना लाज नाही!"

"नाही गं बाई," मी म्हणालो, "मला काडीची लाज नाही," आणि न्याकुंडीसकट सगळ्यांच्या देखत ओक्साबोक्शी रडलो.