सैल पडणारी दोरी

साडू निर्दोष सुटला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण शिंप्यालाही ते बरंच उशिरा कळलं.

दोन सख्ख्या बहिणींची घरं समोरासमोर होती. मधल्या अंगणात कपड्यांची दोरी. एक टोक शिंप्याच्या भिंतीला, दुसरं साडूच्या. साडू नळदुरुस्तीवाला, त्याचं घर ज्वालामुखीच्या डोंगराकडच्या अंगाला. दोरी वर्षागणिक सैल पडायची, चादरी मातीत लोळायच्या. शिंपी जास्तीची दोरी कापून तुकडा पुरावा म्हणून बटणांच्या डब्यात टाकायचा. दोरी ताणली गेली नव्हती, हे त्यानं टेप लावून पाहिलं होतं. म्हणजे साडूचं घरच जवळ येत होतं. शिवाय वर चढत होतं. पूर्वी समोरच्या खिडकीत साडूचं तोंड दिसायचं, आता पोट दिसे.

नळवाला माणूस, खालून खणत असणार. एकदा साडूनं दारात पाय पुसले, तर शिंप्यानं ती माती चिमटीत धरून हुंगली. शेवटी मधे भिंत घालायला त्यानं विटा आणून टाकल्या.

बायको शांतपणे म्हणाली, "घाला भिंत. मी बहिणीच्या बाजूला असेन."

मग साडूची मुलगी आली. ती डोंगरावरच्या वेधशाळेत कामाला. आरोपीचीच मुलगी, म्हणून शिंप्यानं कात्री आधी खणात ठेवली. तिनं कॉलरचं कडक बकरम टेबलावर पसरलं आणि मधोमध गरम इस्त्री ठेवली.

"काका, ही इस्त्री म्हणजे डोंगर. पलीकडून समुद्राचा तळ त्याच्याखाली शिरतोय. पण सुखानं शिरत नाही, अडतो, आणि डोंगरासकट सगळं तुमच्याकडे रेटतो. डोंगरामागची जमीन, म्हणजे हे अंगण, उष्णतेनं कमजोर झालेली. तिच्यामागची टणक, ती हलायला तयार नाही. आता बघा."

शिंप्याकडची कड दाबून धरून तिनं पलीकडून रेटलं. इस्त्रीच्या मागे बकरम मोडलं आणि इस्त्रीकडचा तुकडा शिंप्याकडच्या तुकड्यावर चढला.

शिंप्यानं वर चढलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तुझा बाप माझ्या डोक्यावर बसतोय, हे खरंच."

"खरंच. फक्त त्याला पत्ताच नाही."

शिंप्यानं संशय सोडला नाही, आरोपी बदलला. विटांची त्यानं साडूच्या दाराला पायरी केली, तिच्यावर बसून अर्ज लिहिला आणि खाली साडूचीही सही घेतली:

"सदर समुद्रतळाने आमच्या अंगणात विनापरवाना अतिक्रमण केले असून पुराव्यादाखल दोरीचे तुकडे सोबत जोडले आहेत. तरी त्यास तत्काळ मूळ जागी परत जाण्याचे, व जाताना अंगण पूर्ववत करून देण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."